पहिल्या वर्षाच्या मुलींना बाकावर बसवून ठेवणे हिताचे की नुकसानीचे?

प्रश्न : तिसरा क्वार्टर, कोल्हापूर

नमस्कार. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला मी गेली चार वर्षे शिकवते आहे. सध्या माझ्यापुढे जो पेच आहे, तो या खेळातल्या प्रत्येक शिक्षकापुढे कधी ना कधी आलेला असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यंदा पदवीच्या प्रथम वर्षात चार चांगल्या मुली आल्या आहेत. दोघी शालेय राज्यस्पर्धा खेळून आलेल्या आहेत, एक कागलच्या बाजूची असून उंचीने पाच फूट दहा इंच आहे, आणि चौथीचा डावा हात इतका तयार आहे की सरावात तिच्याकडून चेंडू काढून घेणे माझ्या तृतीय वर्षाच्या मुलींनाही जमत नाही. दुसरीकडे बारा जणींच्या संघात पाच जणी तृतीय वर्षाच्या आहेत. त्या एकमेकींचा खेळ न बघता ओळखतात, समोरच्या संघाने पूर्ण मैदानभर प्रेस लावला, म्हणजे चेंडू हातात येताच अंगावर येऊन अडवले, तरी गडबडत नाहीत, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली ही त्यांची शेवटची संधी आहे.

दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि मैदानात पाच खेळाडू, म्हणजे एका सामन्यात माझ्याकडे वाटायला एकूण २०० मिनिटे असतात. पाच अनुभवी मुलींना प्रत्येकी ३४ मिनिटे दिली की १७० संपतात आणि उरलेल्या ३० मिनिटांत सात जणींना खेळवायचे असते. त्यातलीही बहुतेक मिनिटे सहाव्या आणि सातव्या खेळाडूकडे जातात, कारण कोणाचे तरी चार फाउल होऊन ती बाद होण्याच्या बेतात असते किंवा कोणाला तरी दम लागलेला असतो. बाकीच्या पाच जणींच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही.

गेल्या वर्षीच्या एका सामन्यापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. आम्ही चौदा गुणांनी मागे होतो, चाळीस सेकंद उरले होते, आणि मी प्रथम वर्षाच्या एका मुलीला आत पाठवले. तोवर ती जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसली होती आणि तिच्या मांडीवर चार जणींचे मोबाईल होते. ते कोणाकडे द्यावेत हे तिला कळेना. शेवटी तिने ते बाकाखाली सरकवले आणि धावत आत गेली. तिच्या हातात एकदाच चेंडू आला आणि तिने दिलेला पास रेषेबाहेर गेला. सामना संपल्यावर पंच स्कोअर शीटवर सह्या करत होते, तेव्हा ती टेबलापाशी उभी राहून आपले नाव शोधत होती. ज्यांनी ही शीट पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की सुरुवातीला उतरलेल्या पाच जणींच्या नावापुढे वर्तुळातली फुली असते, नंतर उतरणाऱ्यांच्या पुढे नुसती फुली असते आणि जी उतरतच नाही तिच्या पुढचा चौकोन कोरा राहतो. तिच्या नावापुढे त्या हंगामातली ती पहिली फुली होती.

या वर्षी ती सरावाला आलीच नाही. मी फोन केला तेव्हा "मॅडम, अभ्यास खूप आहे," एवढेच म्हणाली, आणि मला पुढे काही विचारता आले नाही.

बाकावर बसून तरुण खेळाडू खेळ शिकते, असे मला माझ्या शिक्षकांनी सांगितले होते आणि मी स्वतःही पहिले वर्ष तसेच बसून काढले. पण ते मला मानवले म्हणून इतर मुलींनाही मानवेल, याची खात्री आता वाटत नाही. ज्यांनी मुलींचे संघ सांभाळले आहेत, ज्यांच्या मुली खेळल्या आहेत किंवा जे बाहेरचा खेळ बारकाईने पाहतात, त्यांनी आपले अनुभव कृपया लिहावेत.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक, मंगळवार पेठ

मॅडम, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. तीस वर्षांच्या नोकरीत मी मुलामुलींचे दोन्ही संघ सांभाळले. माझे मत असे आहे की प्रथम वर्षाच्या मुलीला थांबवणे बहुतेक वेळा तिच्या हिताचे असते.

एका उपांत्य सामन्यात मी शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलीला पहिल्या मिनिटापासून पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू समोरच्या बास्केटकडे नेऊन चाल सुरू करणारी म्हणून उतरवले, कारण माझ्याकडे तिच्यापेक्षा वेगवान कोणी नव्हते. समोरच्या संघाने हे हेरले आणि तिला अडवायला तिच्यावर दोघी-दोघी घालायला सुरुवात केली. पहिल्या क्वार्टरमध्ये तिच्या हातून पाच वेळा चेंडू गेला. मैदानाभोवती उभ्या असलेल्या मुलांनी हुर्यो उडवली. मी तिला बाहेर काढले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्यानंतर दोन वर्षे ती माझ्याकडे खेळली, मात्र तिने सामन्यात पुन्हा कधी हात वर करून चेंडू मागितला नाही. चेंडू मिळाला की तो लगेच दुसरीकडे देऊन ती मोकळी होत असे. ती चूक माझी होती आणि ती मी आजही विसरलेलो नाही.

दुसरी मुलगी मी वर्षभर माझ्या शेजारी बसवली. नुसती बसवली नाही, तर तिच्या हातात वही दिली आणि समोरच्या गार्डने किती वेळा चेंडू उजवीकडून काढला, किती वेळा डावीकडून, थकल्यावर ती कोणत्या बाजूला वळते, हे टिपायला सांगितले. चौथ्या क्वार्टरच्या आधी मी तिलाच विचारायचो आणि ती सांगेल त्याप्रमाणे बचाव बदलायचो. पुढच्या वर्षी ती उतरली तेव्हा तिला खेळ आधीच दिसत होता. तृतीय वर्षात ती कर्णधार झाली.

आपण कोल्हापूरकर आहोत, तेव्हा तालमीचा दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात आजही आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात आणि मोठी जोड सर्वांत शेवटी येते. कोणताही जाणता वस्ताद कच्च्या पठ्ठ्याला मोठ्या कुस्तीत घालत नाही, कारण एकदा का मनात भीती बसली की अंगातली ताकद कामाला येत नाही, हे त्याला माहीत असते. बास्केटबॉललाही हाच नियम लागू आहे, असे मला वाटते.

उत्तर : एक पालक, पाचगाव

सरांच्या अनुभवाचा आदर राखून मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती माझ्या घरात घडलेली आहे.

माझी मुलगी बारावीनंतर एका महाविद्यालयाच्या संघात निवडली गेली. पहाटे साडेपाचला सराव असे. मी तिला दुचाकीवरून सोडायचो आणि तिची आई साडेचारला उठून डबा करायची. घरात आजी आहे. तिचा खेळाला विरोध नव्हता, पण मुलीने अंधारात घराबाहेर पडावे हे तिला पटत नव्हते. "स्पर्धा आहेत, संघात निवड झाली आहे," असे सांगून आम्ही तिची समजूत काढली. मग स्पर्धा झाल्या. मुलगी परत आली की आजी विचारायची, "किती गोल केलेस?" आणि मुलगी म्हणायची, "मला खेळवले नाही." हे तीन वेळा झाल्यावर आजीने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते: खेळवत नाहीत, तर पोरगी पहाटे जाते कशाला?

मुलाच्या बाबतीत हा प्रश्न घरोघरी विचारला जात नाही. मुलगा संघात राखीव असला तरी तो मैदानावर जातो, मित्रांबरोबर चहा पिऊन येतो आणि कोणी हिशेब मागत नाही. मुलीचा प्रत्येक तास घरात मोजला जातो. तिने सामना खेळणे हीच तिच्या बाहेर जाण्यामागची सांगण्यासारखी गोष्ट असते. तीच काढून घेतली की तिची घरातली बाजू लंगडी पडते आणि मग अभ्यास, लग्न, प्रवास ही सगळी कारणे एकदम पुढे येतात. मॅडम, आपल्या त्या मुलीने अभ्यासाचे कारण सांगितले. माझ्या मुलीनेही तिच्या शिक्षकांना तेच सांगितले होते.

तिच्याकडे बुटांचे दोन जोड होते, एक सरावाचा आणि एक फक्त सामन्यासाठी जपून ठेवलेला. सामन्याच्या जोडाचा तळ आजही नव्यासारखा आहे.

सर, आपण वही दिलेल्या मुलीबद्दल लिहिलेत ते वाचून मला बरे वाटले आणि वाईटही वाटले. माझ्या मुलीला वर्षभरात कोणी एकदाही सांगितले नाही की तू का बसली आहेस, तुझ्यात काय कमी आहे आणि ती कमतरता भरून काढलीस तर तुला केव्हा उतरवू. ती नाराज होती असे म्हणणे पुरेसे नाही. आपण कोणाच्या हिशेबातच नाही, असे तिला वाटू लागले होते.

उत्तर : रात्रीचा प्रेक्षक, ताराबाई पार्क

मी कधी कोणाला शिकवलेले नाही, पण अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल अनेक वर्षे नियमित पाहतो. तिथे हा वाद कायम चालू असतो, म्हणून काही गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट अशी की आपण 'बेंच' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. सुरुवातीच्या पाचांत नसणे ही एक गोष्ट आहे आणि सामन्यात न उतरणे ही दुसरी. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा २०२२-२३ चा संघ पाहा. कमिला कार्डोसो ही उंचपुरी ब्राझिलियन सेंटर (बास्केटजवळ खेळणारी) त्या हंगामात बाकावरून येत असे आणि त्यांच्या विभागातली सर्वोत्तम सहावी खेळाडू, म्हणजे पाच जणींनंतर बाकावरून येणाऱ्यांतली सर्वोत्तम, म्हणून तिची निवड झाली. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आयोवा विद्यापीठाकडून ७७-७३ असा हरला आणि त्या हंगामानंतर सुरुवातीच्या पाचही जणी संघ सोडून गेल्या. कोणत्याही संघाचे अशा वेळी कंबरडे मोडले असते. पण कार्डोसो, रेव्हन जॉन्सन आणि बाकावरच्या इतर मुली वर्षभर खऱ्या सामन्यांतून तयार झालेल्या होत्या. पुढच्या हंगामात त्यांनी ३८ पैकी ३८ सामने जिंकले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात त्याच आयोवाला ८७-७५ असे हरवले. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण मी शेवटच्या सेकंदापर्यंत जागा होतो. त्या सामन्यात साउथ कॅरोलायनाकडून सर्वाधिक १९ गुण टेसा जॉन्सनने केले, आणि ती प्रथम वर्षाची होती व बाकावरून आली होती. दोन्ही संघांच्या राखीव खेळाडूंच्या गुणांची बेरीज केली तर एका बाजूला ३७ आणि दुसऱ्या बाजूला शून्य होते.

प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी त्या मुलींना थांबवले होते हे खरे, पण थांबवणे म्हणजे दुसऱ्या क्वार्टरपर्यंत थांबवणे. ज्या मुलीला रोज दहा-पंधरा मिनिटे मिळतात ती बाकावर बसून सामना वाचते, कारण थोड्या वेळाने आपल्याला आत जायचे आहे हे तिला माहीत असते. जिला ठाऊक असते की आज आपण उतरणारच नाही, ती मोबाईल सांभाळते.

उलट बाजूही सांगायला हवी. आयोवाची केटलिन क्लार्क २०२०-२१ मध्ये पहिल्या वर्षापासूनच संघाचा कणा होती आणि त्या वर्षी देशात प्रतिसामना सर्वाधिक गुण तिचेच होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जूजू वॉटकिन्सने २०२३-२४ मध्ये पहिल्याच हंगामात ९२० गुण केले. अशा खेळाडूंना थांबवले असते तर तो वेडेपणा ठरला असता. सरांच्या मुलीवर दोघी-दोघी घातल्या तशा या दोघींवरही घालत, पण त्यांचे प्रशिक्षक अशा वेळी चेंडू कोणाकडे सुटेल याची तयारी करून घेत. तेव्हा सर, एक नम्र शंका अशी की आपली मुलगी लवकर उतरवल्यामुळे मोडली, की तिच्या सोबतीला चेंडू वर आणणारी दुसरी अनुभवी गार्ड नव्हती म्हणून?

आता नियमांबद्दल. तिथे खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, त्यामुळे एखादे वर्ष पूर्णपणे बसून काढले तरी ते वाया जात नाही. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलले तरी वर्षभर बाहेर बसावे लागेनासे झाले, आणि तेव्हापासून बाकावरच्या मुलीची नाराजी प्रशिक्षकाला परवडेनाशी झाली आहे. मिलेसिया फुलवायली ही विलक्षण गुणवान मुलगी साउथ कॅरोलायनात दोन वर्षे प्रामुख्याने बाकावरूनच आली. २०२५ मध्ये तीही सर्वोत्तम सहावी खेळाडू ठरली आणि त्याच वर्षी ती लुइझियाना राज्य विद्यापीठात निघून गेली. म्हणजे मिनिटे मिळाली, विजेतेपद मिळाले, मान मिळाला, तरीही एका टप्प्यानंतर थांबणे नकोसे होते.

आपल्याकडे परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. पदवी तीन वर्षांची आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथे वर्ष आणले असले तरी किती मुली ते करतील हा प्रश्नच आहे. त्यांच्याकडे हंगामात तीसच्या आसपास सामने होतात, त्यामुळे वीस गुणांची आघाडी असलेले सामनेही मिळतात आणि तिथे नव्या मुलींना निवांत खेळवता येते. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने होते. दोन-तीन सामने, आणि एक हरला की वर्ष संपले. अशा वेळी कोणता शिक्षक नवख्या मुलीला उतरवण्याची जोखीम घेईल? माझ्या मते मुलींना बाकावर बसवते ती ही स्पर्धेची रचना, आणि बोल मात्र एकट्या शिक्षकाला लागतो.

आणखी एक जुनी घटना सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९७२ पर्यंत मुलांच्या मुख्य संघात प्रथम वर्षाच्या खेळाडूला खेळताच येत नसे. पण त्या मुलांचा वेगळा संघ असे आणि त्याचे वेगळे सामने होत. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने प्रसिद्ध झालेला लू अल्सिंडर १९६५ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रथम वर्षाला होता. त्या वर्षी प्रथम वर्षाच्या संघाने आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाला ७५-६० असे हरवले, आणि तो मुख्य संघ सलग दोन वेळचा राष्ट्रीय विजेता होता. नियमाने त्या मुलांना मुख्य संघाबाहेर ठेवले होते, पण मैदानाबाहेर ठेवले नव्हते.

उत्तर : फिजिओ, राजारामपुरी

एकच मुद्दा मांडतो. मुलींमध्ये गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध, ज्याला आपण एसीएल म्हणतो, तो तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच अधिक असते, आणि ही इजा बहुधा कोणाचा धक्का न लागता, उडी मारून खाली येताना किंवा धावता धावता एकदम दिशा बदलताना होते. वर उल्लेख आलेल्या जूजू वॉटकिन्सला मार्च २०२५ मध्ये हीच इजा झाली. तेव्हा एकाच मुलीला सलग चाळीस मिनिटे पळवणे जसे चुकीचे, तसेच पस्तीस मिनिटे बसून गार पडलेल्या मुलीला अचानक सिमेंटच्या मैदानात सोडणेही चुकीचे. आत पाठवण्याच्या चार-पाच मिनिटे आधी तिला उठवा, बाकामागे हलक्या उड्या, बाजूला सरकण्याच्या हालचाली आणि छोट्या धावा करून घ्या, जाकीट आधीच काढायला लावा. मॅडम, तुमच्या त्या मुलीचा पास रेषेबाहेर गेला यात आश्चर्य नाही, कारण तिचे अंगही तयार नव्हते आणि डोळेही.

उत्तर : क्रमांक चौदा

मी सध्या द्वितीय वर्षात आहे आणि दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या महाविद्यालयाकडून खेळते. गेले संपूर्ण वर्ष मी बाकावर होते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

बसण्याचा त्रास होतो, पण तो सहन करता येतो. सरावात जे होते ते जास्त लागते. आमच्या सरावात पहिल्या पाच जणी नेहमी एका बाजूला आणि आम्ही नेहमी दुसऱ्या बाजूला असतो. पुढच्या सामन्यातला विरोधी संघ जसा खेळतो तसे आम्ही खेळायचे, म्हणजे त्यांचा सराव होतो. त्यामुळे आमच्या स्वतःच्या संघाच्या चाली मी वर्षभर समोरून पाहिल्या, आतून एकदाही खेळले नाही. मग सामन्यात अचानक आत पाठवले की मी चुकीच्या जागी उभी राहते आणि सगळ्यांना वाटते की हिला काही येत नाही. आठवड्यातून एक दिवस जरी बाजू बदलून, दोन मोठ्या मुली आणि तीन लहान मुली असा संघ केला, तर खूप फरक पडेल.

दुसरे असे की आमचा संघ जिंकला तेव्हा मलाही प्रमाणपत्र मिळाले. कर्णधाराचे आणि माझे प्रमाणपत्र सारखेच आहे, त्यावर मिनिटे लिहिलेली नसतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून आमच्या घरी सगळे म्हणतात की संघात राहा, खेळवोत किंवा न खेळवोत, पुढेमागे मोठ्या स्पर्धेचे प्रमाणपत्र मिळेल. पाचगावच्या काकांच्या घरी आजीने जो प्रश्न विचारला, तो आमच्या घरी असल्या उत्तरामुळे कोणी विचारत नाही. पण फाईलमध्ये ते प्रमाणपत्र ठेवताना मला आनंद झाला नाही, हेही खरे आहे.

मला सरांसारखी वही कोणी दिली असती तर मी आनंदाने लिहिली असती.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक, मंगळवार पेठ

ताराबाई पार्कच्या प्रेक्षकांनी विचारलेल्या शंकेवर मी दोन दिवस विचार केला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्या सामन्यात माझी दुसरी गार्ड आजारी होती आणि मी त्या मुलीला एकटीला पुढे केले. तिला उतरवणे चुकले नव्हते, एकटीला उतरवणे चुकले होते. इतकी वर्षे मी त्यातून वेगळाच धडा घेत आलो.

तालमीच्या दाखल्यातही मी अर्धीच गोष्ट सांगितली, ती पुरी करतो. वस्ताद कच्च्या पोराला मोठ्या कुस्तीत घालत नाही हे खरे, पण तालमीत ते पोर कधीच बसून नसते. रोज हौद्यात त्याची लढत होते, आणि बहुतेक वेळा आपल्यापेक्षा वरचढ पठ्ठ्याबरोबर होते. गावोगावच्या जत्रांत लहान इनामाच्या कुस्त्या त्याला मिळत राहतात. मोठी जोड येईपर्यंत त्याने शेकडो वेळा पाठ वाचवलेली असते. आपल्या मुलींना जत्रेच्या कुस्त्या कुठे आहेत?

आपल्या शहराने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यासारख्या मुली घडवल्या, पण नेमबाजीत प्रत्येकीला आपली फेरी मिळतेच. सांघिक खेळात ती फेरी कोणीतरी मुद्दाम निर्माण करावी लागते, आणि मुलींच्या बास्केटबॉलमध्ये ती आम्ही निर्माण केली नाही. या 'आम्ही'मध्ये मी स्वतःला धरतो.

उत्तर : तिसरा क्वार्टर, कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात मी ही उत्तरे तीन-चार वेळा वाचली आणि काही गोष्टी ठरवल्या आहेत.

क्रमांक चौदा, तुझे पत्र मी माझ्या तृतीय वर्षाच्या मुलींना वाचून दाखवले. दोघी जणी बराच वेळ गप्प होत्या, कारण त्याही प्रथम वर्षात नेमक्या तशाच उभ्या होत्या. मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही आता मिसळून खेळतो. डाव्या हाताच्या त्या मुलीबरोबर माझी कर्णधार दुसरी गार्ड म्हणून उतरते, आणि दोन दिवसांतच माझ्या लक्षात आले की कर्णधारावरचा चेंडू वर आणण्याचा ताण हलका झाल्यावर तिचे नेम सुधारले आहेत. हे मला चार वर्षांत सुचले नव्हते.

फुटबॉलवेड्या गावात राहून आपल्यालाही नकळत वाटू लागते की एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही. बास्केटबॉलमध्ये बदलीला मर्यादाच नाही. दोन मिनिटे उतरवा, बाहेर बोलवा, समजवा, पुन्हा पाठवा. नियमाने दिलेली ही मोकळीक मी वापरतच नव्हते. म्हणून पहिल्या फेरीच्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरमध्ये प्रथम वर्षाच्या किमान दोघी मैदानात असतीलच, गुणफलक काहीही असो, आणि हे त्या दोघींना आदल्या दिवशी नावानिशी सांगितलेले असेल. चौघींनाही मी स्वतंत्र बोलावून प्रत्येकीला दोनच गोष्टी सांगितल्या आहेत, तिला काय येते आणि कशामुळे ती अजून पहिल्या पाचांत नाही. कागलच्या मुलीला रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू, घेतल्यावर तो खाली आणण्याची सवय आहे आणि बुटक्या मुली तो हिसकावून घेतात. तिला हे ऐकून राग येईल असे मला वाटले होते. तिने उलट विचारले, "मॅडम, मग हे कधीपर्यंत सुधारायचे?"

पालककाका, एका बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. अंतिम सामना असेल, तीन गुणांचा फरक असेल आणि दोन मिनिटे उरली असतील, तर मी माझ्या तृतीय वर्षाच्या पाच जणीच उतरवीन. तीन वर्षे पहाटे उठलेल्या त्याही कोणाच्या तरी मुली आहेत. पण बाकावर राहिलेल्या मुलीच्या घरी मी स्वतः जाईन आणि ती का बसली होती हे तिच्या आजीसमोर सांगेन. गेल्या वर्षीच्या त्या मुलीच्या घरीही मी परवा गेले होते. ती परत येईल की नाही हे तिने सांगितले नाही, मात्र सरावाची नवीन वेळ विचारून घेतली.

राहिला प्रश्न सामन्यांचा. सरांनी म्हटलेल्या जत्रेच्या कुस्त्या आपण सुरू करू शकतो, असे मला वाटते. शहरातील आणि आसपासच्या महाविद्यालयांतील प्रथम व द्वितीय वर्षाच्या मुलींचे संघ दर रविवारी सकाळी एकमेकांशी खेळवावेत. चषक नको, बक्षीस नको, पण सामना पुरा चाळीस मिनिटांचा, गणवेशात आणि पंचांसह व्हावा. तीन महाविद्यालयांतल्या माझ्या ओळखीच्या शिक्षिकांशी बोलले, दोघी तयार आहेत. मैदान आमच्या महाविद्यालयाचे मिळेल. पंच म्हणून माझे दोन जुने सहखेळाडू येतील. टेबलावर बसायला माहीतगार माणूस मात्र हवा आहे.

उत्तर : निवृत्त क्रीडाशिक्षक, मंगळवार पेठ

टेबलावर मी बसतो. स्कोअर शीटचे पुस्तक आणि स्टॉपवॉच माझ्याकडे आहे, फक्त चोवीस सेकंदांच्या घड्याळाची सोय आपण बघावी. पहिल्या रविवारी कोणकोणते संघ येणार आणि सामना किती वाजता सुरू होणार तेवढे कळवा, आणि दोन्ही संघांची बारा-बारा नावे शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, म्हणजे मी ती घरीच शीटवर लिहून आणीन.

उत्तर : एक पालक, पाचगाव

मॅडम, पहिल्या रविवारी मी मुलीला घेऊन बघायला येतो. खेळण्याचे तिला आत्ताच विचारत नाही.